तिसऱ्या रविवारची सूचना

सायलस मधाळे कोल्हापुरात पाळक म्हणून आला तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. साल त्र्याण्णव. गगनबावड्याच्या अलीकडं एका वाडीत तो वाढलेला. बाप शाळामास्तर. पावसाळाभर घरात चुलीवर कपडे वाळत टाकलेले असायचे, आणि त्या धुरात डोळे चोळत पोरं बापाला बायबलमधले शास्त्रपाठ म्हणून दाखवायची. त्यामुळं सायलसची जीभ लहानपणीच तयार झाली होती. कसबा बावड्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या कौलारू चर्चमध्ये त्यानं पहिला उपदेश केला, तेव्हा मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यासुद्धा डुलक्या विसरल्या. "पाळक असावा तर असा," असं फाटकातून बाहेर पडताना कुणीतरी म्हणालं. ते त्याच्या कानावर पडलं, आणि आवडलंही.

दोन गोष्टींचा त्याला मनातून अभिमान होता. कुणी काहीही विचारलं तरी त्याच्याकडं उत्तर तयार असायचं. आणि त्याच्यापाशी बोललेलं कधी बाहेर जायचं नाही. चर्चच्या मंडळीतल्या सासूसुनांची भांडणं, कुणाचं पिणं, कुणाच्या पोरीचं प्रकरण, सगळं त्याच्या पोटात असायचं. बायको मार्था सुरुवातीला विचारायची, "कोण आलं होतं? एवढा वेळ काय बोलत होता?" तो म्हणायचा, "ते मंडळीचं आहे." पुढं पुढं तिनं विचारणं सोडून दिलं.

शहाण्णवच्या नोव्हेंबरात, एका शनिवारी दुपारी, विल्सन चोपडे त्याच्याकडं आला. विल्सन म्हणजे मंडळीचे मोठे पंच बाळासो चोपडे यांचा थोरला. इचलकरंजीला मागाच्या शेडमध्ये जॉबर होता. माग बिघडला की दुरुस्त करायचा. सव्वीस वर्षांचा, अंगानं सडपातळ, बोलायला मऊ. त्याचं लग्न ठरलं होतं. मुलगी मंडळीतलीच, प्रिस्का. तिची आई झुंबरबाई विधवा, मुलींच्या बोर्डिंगमध्ये भाकऱ्या थापून तिनं एकुलत्या एका पोरीला वाढवलं होतं. लग्न डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे रविवारपासून, चर्चमध्ये त्याची सूचना वाचायची होती. रीतच तशी. लागोपाठ तीन रविवार नवरानवरीची नावं वाचायची, आणि कुणाची हरकत आहे का म्हणून सगळ्यांसमोर विचारायचं.

विल्सन खुर्चीच्या टोकावर बसला. "साहेब, एक बोलायचं हाय. पण भाईर जायला नगं."

"माझ्याकडनं कधी गेलंय?"

"मालकानं शेडमधी रक्तदान ठेवलतं. मीबी दिलं. पंधरा दिसांनी रक्तपेढीची चिठ्ठी आली, येऊन भेटा म्हणून. परत तपासलं. दुसऱ्या खेपंलाबी तेच निघालं."

"तेच म्हणजे?"

विल्सनच्या तोंडून तो शब्द फुटेना. "एसटी स्टँडच्या भिंतीवर लिवलंय न्हवं, साहेब... ते."

एड्सची ती मोठी अक्षरं सायलसनंही येता-जाता वाचली होती. कुठून, कसं, हे त्यानं विचारलं नाही. पुढंही कधी विचारलं नाही. "प्रिस्काला सांगितलंस?"

"न्हाय."

"आणि वडिलांना? आबांना?"

"आबा मला उभा चिरतील."

"मग लग्न मोड, विल्सन."

"काय सांगून मोडू?" विल्सन रडायला लागला. "आधी तुम्ही वचन द्या. कुणाला कळवणार न्हाय म्हणून."

सायलसनं वचन दिलं. इतकी वर्षं तो तेच करत आला होता, त्यामुळं शब्द अगदी सहज तोंडातून गेला. मग त्यानंही विल्सनकडून एक वचन घेतलं, की लग्नाआधी प्रिस्काला तो स्वतः सगळं सांगेल. "ह्या आठवड्यात सांगतो, साहेब," विल्सन म्हणाला. दोघांनी गुडघे टेकून प्रार्थना केली. विल्सन गेला तेव्हा सायलसला वाटलं, आपण हे नीट हाताळलं.

पहिल्या रविवारी सूचना वाचली. त्या आठवड्यात विल्सननं सांगितलं नाही. दुसऱ्या रविवारी वाचली. उपासनेनंतर सायलसनं त्याला बाजूला घेतलं, तर म्हणाला, "बुधवारी जातोय की तिच्याकडं." बुधवार गेला. मग सायलस बाळासोंच्या घरी गेला आणि आडून आडून म्हणाला, "लग्न ईस्टरनंतर धरलं तर? पोराची तब्येत जरा उतरल्यासारखी दिसतेय."

बाळासो हसले. "साहेब, पत्रिका वाटून झाल्या. लग्न झालं की बायकोच्या हातचं खाऊन भरंल की अंगानं!"

सायलस उठून घरी आला.

तिसऱ्या रविवारच्या दोन दिवस आधी प्रिस्का स्वतः आली. लग्नात म्हणायच्या गीतांची यादी द्यायला आली होती. यादी देऊन झाली तरी ती जाईना. दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली.

"साहेब, विल्सन लई गप गप असतोय. मी इचारलं तर काय न्हाय म्हणतोय. तुमच्याजवळ काय बोललाय का?"

त्या वेळी सायलसच्या मनात आलं, की आता गप्प राहिलो तरी हिला काहीतरी कळेल. म्हणून तो गप्प राहिला नाही. हसला आणि म्हणाला, "लग्नाआधी सगळीच पोरं गप होतात. काळजी करू नकोस, बाळ."

"मग बरं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा खरंच मोकळा झाला.

ते दोन दिवस सायलसनं उपास केला. मार्थानं ताट वाढलं तरी हात लावला नाही. देव बरं करू शकतो, असं त्यानं स्वतःला सांगितलं; शंका घेणारा मी कोण; वचन मोडणारा पाळक कुठल्या तोंडानं उपदेश करणार. अशी एकापुढं एक उत्तरं त्याला सापडत गेली. रविवारी तो उभा राहिला, नावं वाचली आणि विचारलं, "या विवाहाला कुणाची हरकत असल्यास त्यांनी आता सांगावी." चर्चमध्ये कुणी हललं नाही. बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर प्रिस्का आईशेजारी मान खाली घालून बसली होती. सगळ्या चर्चमध्ये हरकत असणारा माणूस एकच होता, आणि कागद त्याच्याच हातात होता. त्यानं तो घडी करून ठेवला.

लग्न चांगलं झालं. सायलसनं दोघांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.

पुढची दोन वर्षं विल्सन त्याच्या वाऱ्याला उभा राहिला नाही. उपासनेला आलाच तर शेवटच्या गीताला निघून जायचा. अठ्ठ्याण्णवला त्यांना मुलगी झाली. तिचं वजन कधी वाढलंच नाही. नऊ महिन्यांची असताना छातीत कफ भरला आणि चार दिवसांत ती गेली. डॉक्टर न्यूमोनिया म्हणाले. चोपड्यांनी एका सुताराकडून लहानशी पेटी करून आणली. ती इतकी हलकी होती, की विल्सन एकट्यानंच हातावर घेऊन आला. खड्ड्याच्या कडेला विल्सननं त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून सायलसकडं बघितलं, आणि सायलसला पुढची प्रार्थना आठवेना. वहीत बघून वाचावी लागली. लोकांना वाटलं, पाळकाला भरून आलं.

त्या दिवसापासून त्याच्या बोलण्यातलं पाणी गेलं. उपदेश तेच होते, आवाज तोच, पण आपलं वाक्य आपल्यालाच पोकळ वाजतंय असं त्याला वाटायचं. मार्थानं एकदा विचारलं, "तुम्हाला काय खातंय?" त्यानं तेच जुनं उत्तर दिलं. ती उठून आत गेली.

दोन हजार एकच्या ऑगस्टमध्ये विल्सन गेला. शेवटी शेवटी त्याला ओळखता येत नव्हतं. मातीनंतर आठव्या दिवशी प्रिस्का पाळकांच्या घरी आली. पंचवीस वर्षांची पोर, पण डोळे खोल गेलेले. मार्थानं पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही.

"जाताना सगळं सांगितलं त्यानं मला," ती म्हणाली. "मीबी तपासून आले. मलाबी हाय. माझं बाळबी त्यातच गेलं आसंल." मग म्हणाली, "तुम्हाला ठावं होतं."

सायलस म्हणाला, "त्यानं माझ्याकडनं वचन घेतलं होतं, प्रिस्का. मी..."

"त्याला वचन दिलासा. आन मला काय दिलासा? मी दारात येऊन इचारलं न्हाय का? सगळीच पोरं गप होत्यात म्हणालासा. हसून म्हणालासा."

मार्था आतल्या दारात उभी होती.

सायलस खाली जमिनीवर बसला. "मला माफ कर," तो म्हणाला.

"माफी मागू नगासा. ती मागून तुमास्नी बरं वाटंल. मला बरं वाटायचं कुठलं औषध हाय तुमच्याकडं?"

पाळक झाल्यापासून पहिल्यांदाच त्यानं उत्तर न देता कुणाचं तरी पुरतं ऐकून घेतलं. ती गेल्यावर मार्था एवढंच म्हणाली, "मला एका शब्दानं बोलला असता तर मी तरी तिच्या आईकडं गेले असते." ती ओरडली नाही. ते न ओरडणंच त्याला पुढं कित्येक दिवस पुरलं.

महिन्याभरात चोपड्यांनी प्रिस्काला घराबाहेर काढलं. ती आईकडं आली. बाळासोंनी पंचांच्या बैठकीत सरळ सांगितलं, रोग सुनेनंच आणला, माझं पोरगं तिच्यापायी गेलं. आणि प्रभुभोजनाच्या वेळी सगळ्यांचा प्याला एक असतो, तेव्हा तिनं त्याला तोंड लावू नये, लोक घाबरतात. बाकीचे पंच खाली मान घालून बसले. सायलसनं आठ दिवसांची मुदत मागितली.

जुना सायलस असता तर त्याच बैठकीत उठून बोलला असता आणि मोकळा झाला असता. पण आता त्याला एक गोष्ट कळली होती. सत्य त्याला ठाऊक होतं, म्हणून ते त्याच्या एकट्याच्या मालकीचं होत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो झुंबरबाईच्या घरी गेला. झुंबरबाईनं त्याला बघून तोंड फिरवलं आणि परसात निघून गेली. तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला.

"प्रिस्का, तुझ्यावर आळ घेतलाय. खरं काय ते मी सांगू शकतो. पण सांगायचं म्हणजे विल्सनचं नाव येणार, तुझं दुखणं चारचौघांत येणार. तुला नको असेल तर मी सांगणार नाही. तुला विचारायला आलोय."

ती शिवणयंत्रावर बसली होती. पाय थांबवून तिनं त्याच्याकडं बघितलं. "एवढ्या वर्षांत आज इचारलासा," ती म्हणाली. पुन्हा शिवायला लागली. शिवण संपल्यावर दोरा तोडून म्हणाली, "सांगा. माझं दुखणं समद्या गल्लीला ठावं झालंयच. पण तिथं उभं राहून रडू नगासा."

रविवारी सायलस व्यासपीठावर चढला नाही. खालीच, बाकांच्या रांगेत उभा राहिला. विल्सनचा आजार लग्नाआधीचा होता, तो मला ठाऊक होता, प्रिस्कानं मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, आणि तिसऱ्या रविवारी मी गप्प राहिलो. एवढं त्यानं सांगितलं आणि तो बसला. रडला नाही.

बाळासो ताडकन उठले. "मेलेल्या पोराची अब्रू काढतोस व्हय रं?" असं ओरडून ते घरच्यांना घेऊन बाहेर पडले. बाकीचे लोक कुजबुजत राहिले. निम्म्यांना त्याच्या गप्प राहण्याचा राग होता, निम्म्यांना बोलण्याचा. "ह्याच्यापाशी आता काय बोलायची सोय न्हाय," असं एक बाई फाटकातच म्हणाली.

पुढच्या प्रभुभोजनाला प्रिस्का आली. प्याला बाकाबाकातून फिरत तिच्यापर्यंत आला. ती प्यायली. शेजारच्या बाईनं प्याला हातात घेतला आणि ओठांना न लावता पुढं दिला. पुढचीनं तसंच केलं. तिच्या पुढचीनंही. मग मार्था आपल्या जागेवरून उठली, रांगेत आली, तिसरीनं पुढं केलेला प्याला घेतला आणि प्यायली. ओठ पुसून जागेवर जाऊन बसली. सायलस समोरून बघत होता. आपल्या घरात खरा पाळक कोण आहे, असा प्रश्न त्याला त्या वेळी पडला.

वर्ष संपायच्या आत त्याची बदली झाली. राधानगरीच्या बाजूला ख्रिस्ती लोकांची अकरा घरं होती, पत्र्याची एक खोली होती, तिथं. शिक्षाच होती ती, पण कुणी तसं म्हणालं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. पावसाळ्यात पत्र्यावर असा आवाज व्हायचा, की उपदेश ऐकूच जायचा नाही. त्यानं तो दहा मिनिटांवर आणला. उरलेल्या वेळात तो घरोघरी जायचा, गोठ्यात, भातखाचराच्या बांधावर बसायचा. कुणी काही विचारलं तर बहुतेक वेळा म्हणायचा, "मला माहीत नाही. चल, बघू या." लोकांना वाटायचं, ह्या पाळकाला काही येत नाही.

कुणी गुपित सांगायला लागलं, की तो आधीच थांबवायचा. "सांग. पण ह्यात दुसऱ्या कुणाचा जीव अडकला असेल, तर मी वचन देणार नाही. हे ऐकून मग सांग." काहीजण तिथंच उठून जायचे. लग्न ठरलं की मुलीला आणि मुलाला वेगवेगळं बसवून बोलायचा आणि दोघांना रक्त तपासून या म्हणायचा. एक लग्न त्यातून मोडलं. दुसरं मोडलं ते तर नुसत्या रागानं, रक्तात काही दोष नसताना. मुलाच्या चुलत्यानं त्याला भर रस्त्यात शिव्या घातल्या. 'लग्नमोड्या पाळक' हे नाव पंचक्रोशीत झालं. त्यातली एक मुलगी पुढं बराच काळ घरात बसून राहिली. तिचंही त्याला लागायचं. तोल कुठं राखायचा, हे त्याला दर वेळी नव्यानं शोधावं लागायचं, आणि दर वेळी सापडायचंच असं नाही.

दोन हजार पाचच्या सुमाराला सरकारी दवाखान्यात त्या आजाराच्या गोळ्या फुकट मिळायला लागल्या. सायलसला कळलं तसा तो एसटी धरून कोल्हापूरला आला. प्रिस्काच्या अंगावर तोवर मांस राहिलं नव्हतं. झुंबरबाईचे गुडघे गेलेले, तिला रांगेत उभं राहवत नव्हतं. तेव्हापासून महिन्यातून एकदा तो यायचा, प्रिस्काला रिक्षानं न्यायचा, बाकड्यावर शेजारी बसायचा. तिथं तिला ओळखणारं कुणी दिसलं, की ती पदर पुढं ओढायची आणि तो उठून मधे उभा राहायचा.

एकदा अशीच रांग लांबली होती. ती म्हणाली, "दुसरं कोण न्हाय, म्हणून तुमास्नी येऊ देतेय. माफ केलंय म्हणून न्हवं."

"कळतं मला," तो म्हणाला.

"येताना त्या बिस्किटाचा पुडा आणत जावा. गोळ्या उपाशीपोटी सोसत न्हाईत."

तो आणायला लागला.

गोळ्या उशिरा आल्या होत्या. वर्षभर बरं गेलं, मग क्षय झाला. दोन हजार सातच्या जानेवारीत प्रिस्का गेली. एकतिसावं चालू होतं. तिनं आईला आधीच सांगून ठेवलं होतं, की माती नव्या पाळकांनी द्यावी. मधाळे पाळकांनी माझ्यावर प्रार्थना म्हणू नये, आले तर येऊ द्यात.

तो आला. ख्रिस्ती दफनभूमीत लोक मोजकेच होते, बाळासोंच्या घरचं कुणी नव्हतं. तो मागं उभा राहिला. खड्डा बुजवायला माणसं कमी पडत होती, तेव्हा त्यानं सदऱ्याच्या बाह्या दुमडून फावडं घेतलं. दगडगोट्यांची माती होती. मार्थानं आणलेली झेंडूची फुलं वर ठेवली. नव्या पाळकांनी सवयीनं त्याच्याकडं बघून विचारलं, "शेवटची प्रार्थना तुम्ही?" त्यानं मान हलवली. "तिला नको होतं."

निघताना झुंबरबाई कुंपणाच्या दगडावर बसली होती. साडेपाच वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिनं त्याच्या मातीच्या हातांकडं बघितलं. "मंगळवारी या," ती म्हणाली. "घर खायाला उठतंय."

मंगळवारी तो गेला. काही वाचायला नेलं नाही. झुंबरबाईनं चहा टाकला आणि बोलायला लागली. प्रिस्काला लहानपणी पोहायचं वेड होतं, रंकाळ्यावर पोरांच्या मागं लागून शिकली होती. तिला नर्स व्हायचं होतं, पण दहावीला गणितात नापास झाली. भेंडीची भाजी तिला मुळीच चालायची नाही. विल्सनची तर तिलाच भुरळ पडली होती. मागणी त्यांच्याकडून आली, तेव्हा आनंदाच्या भरात ती तीन दिवस जेवली नव्हती, आईला कारण न सांगता.

सायलस ऐकत राहिला. लग्नापासूनचं तिचं सगळं आयुष्य त्याच्याच वहीत लिहिलेलं होतं, लग्न, बाळाची माती, नवऱ्याची माती. आणि यातलं काहीच त्याला ठाऊक नव्हतं. बोलता बोलता झुंबरबाई पुन्हा प्रिस्काच्या पोहण्यावर आली, आणि तिला मध्येच ठसका लागला. त्यानं उठून तांब्यातलं पाणी दिलं. पाणी पिऊन ती म्हणाली, "कुठंवर आलतो आपण?"

"रंकाळ्यावर," तो म्हणाला.